वेल्समधलं जुनं खाणगाव : आठवणी लिहूया का?

दरीतली

नमस्कार मंडळी. वेल्समधल्या कोळसा खाणी म्हटलं की लोकांना दोनच गोष्टी आठवतात, एक अ‍ॅबरवॅनची दुर्घटना (खाणीचा ढिगारा शाळेवर कोसळला ती) आणि दुसरा थॅचरबाईंच्या वेळचा, खाणी बंद करण्याविरुद्धचा संप. दोन्ही मोठ्याच घटना आहेत, पण त्यांच्या आधी, मधे आणि नंतर माणसं तिथे रोज जगत होती, पाळीवर जात होती, गात होती, भांडत होती, त्याबद्दल मराठीत फारसं काही वाचायला मिळत नाही. आणि मराठी माणसं तर तिथे होती! साठ-सत्तरच्या दशकात भारतातून गेलेल्या डॉक्टरांपैकी कितीतरी जण साउथ वेल्सच्या दऱ्यांमध्ये जीपी, म्हणजे गावातले फॅमिली डॉक्टर झाले, कारण तिथे जायला इंग्रज डॉक्टर फारसे तयार नसायचे. माझे बाबा त्यातलेच एक. मिरजेला शिकले, इंग्लंडमधल्या एका मोठ्या हॉस्पिटलात बरीच वर्षं राबले, वरची जागा काही मिळेना, मग कुणीतरी सांगितलं की ऱ्हॉन्दात एक म्हातारे डॉक्टर रिटायर होतायत, बघ जातोस का. असे आम्ही तिथे गेलो.

ऱ्हॉन्दाच्या दोन दऱ्या, एक मोठी एक धाकटी, आम्ही धाकटीत. गावाचं नाव मुद्दाम लिहीत नाही, गाव एवढंसं आहे की लगेच कोण ते कळेल. दरी इतकी अरुंद की तळाशी नदी, नदीला लागून खाण आणि रूळ, आणि मग दोन्ही बाजूंच्या चढावर एकाला एक चिकटलेल्या दगडी घरांच्या लांबच लांब ओळी, त्याच्या वर डोंगर आणि डोंगरावर खाणीतून निघालेल्या राडारोड्याचे काळे ढिगारे, ज्याला सगळे टिप म्हणायचे. मेंढ्या सरळ रस्त्यावर यायच्या, कचऱ्याचे डबे पाडायच्या, कुणाला त्याचं काही वाटायचं नाही. १९१३ साली साउथ वेल्समधून ५ कोटी ७० लाख टन कोळसा निघाला होता आणि २ लाख ३२ हजार माणसं खाणीत कामाला होती, एकट्या ऱ्हॉन्दात पन्नासच्या वर खाणी होत्या. आम्ही गेलो तेव्हा हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या उरल्या होत्या पण गाव अजून पाळीच्या घड्याळावरच चालायचं.

दवाखाना म्हणजे आमच्याच घराची पुढची खोली. मी शाळेतून आले की मागच्या दाराने जायचं हा नियम, पण दाराच्या फटीतून बाकावर बसलेली माणसं दिसायची. त्यांच्या कपाळावर, नाकावर, हाताच्या पाठीवर निळे वण असायचे. जखम झाली की कोळशाची धूळ आत बसते आणि वरून कातडी भरून येते, मग तो निळा रंग जन्मभर जात नाही. आणि खोकला. बाबा सांगायचे की मी पायऱ्यांवरच्या आवाजावरून ओळखतो कोण आलंय, किती पायऱ्यांनंतर थांबला त्यावरून छाती कितपत आहे तेही कळतं. पाच पायऱ्या होत्या. काही जण दोनदा थांबायचे, आणि ही माणसं पंचावन्न-साठची, म्हातारी नव्हेत.

हे "डस्ट", म्हणजे कोळशाच्या धुळीने होणारा फुप्फुसांचा आजार. गावात आजाराचं पूर्ण नाव कुणी घ्यायचं नाही, "ही हॅज गॉट द डस्ट" एवढंच. बाबांना ऱ्हॉन्दाचं फार अप्रूप होतं त्याला एक कारण होतं. आर्ची कॉक्रन नावाच्या डॉक्टरांनी १९५०च्या दशकाच्या सुरुवातीला आमच्याच धाकट्या दरीत घरोघरी जाऊन जवळजवळ प्रत्येक माणसाचा छातीचा एक्स-रे काढला होता, नव्वद टक्क्यांच्या वर लोक आले. आज जगभर डॉक्टर ज्या कॉक्रन रिव्ह्यूचा (उपचारांच्या पुराव्यांचे एकत्रित आढावे) आधार घेतात ते याच माणसाच्या नावाने. बाबांचे म्हातारे पेशंट अजून सांगायचे की अमुक बस आली होती, तमुक बाई दार वाजवत फिरत होत्या, आम्ही ओळीने उभे राहिलो. जगाला पुरावा म्हणजे काय ते शिकवणाऱ्या कामात आपली छाती होती याचा त्यांना अभिमान होता, आणि मला वाटतं तो अगदी रास्त होता.

शेजारचे अंकल पहाटेच्या पाळीला जायचे. त्यांचा जेवणाचा डबा मला आजही डोळ्यासमोर दिसतो. पत्र्याचा, पावाच्या स्लाइसच्या आकाराचा, एका बाजूने गोल, आणि त्याचे दोन भाग एकात एक गच्च बसायचे कारण खाली उंदीर. पट्ट्याला अडकवायचा. सोबत पाण्याचा पत्र्याचा डबा, त्याला जॅक म्हणायचे. आत बहुतेक वेळा पाव-चीज नाहीतर पाव-जॅम, कारण खाली मांस लवकर खराब होतं. ते मुद्दाम एक तुकडा उरवून आणायचे आणि आम्हा पोरांना द्यायचे, खाणीतून आलेला पाव म्हणून आम्ही त्याच्यासाठी भांडायचो. आंटी डबा उघडून बघायच्या, तुकडा नसला तर ओरडायच्या की आज पोरांचं काय ठेवलं नाहीस.

सगळ्यात जास्त सांगायचंय ते हॉलबद्दल. प्रत्येक गावात एक वर्कमेन्स हॉल, काही तीन-तीन मजली, खाली बिलियर्ड्स, मधे वाचनालय, वर नाटक-सिनेमाचं थिएटर. हे सरकारने किंवा मालकाने दिलेलं नाही (मालकांनी कुठे कुठे जागा नाहीतर थोडे पैसे दिले, ते वेगळं). कामगारांच्या पगारातून दर पौंडामागे काही पेन्स कापले जायचे आणि त्यातून इमारत उभी राहिली, पुस्तकं आली, वर्तमानपत्रं आली. ट्रिऑर्कीचा पार्क अँड डेअर हॉल आजही चालू आहे. डॉक्टरांचंही तेच. ट्रेडीगर गावात कामगारांनी स्वतःची वैद्यकीय मदत सोसायटी काढली होती, वर्गणी द्यायची आणि कुटुंबाला डॉक्टर, औषधं, चष्मा, सगळं. त्याच गावचा खाणकामगार अन्यूरिन बेव्हन पुढे आरोग्यमंत्री झाला आणि ५ जुलै १९४८ ला ब्रिटनची सरकारी आरोग्यसेवा, एनएचएस, सुरू झाली. म्हणजे माझे बाबा ज्या एनएचएसमध्ये काम करायला सातासमुद्रापार गेले तिची मुळं याच दऱ्यांमध्ये होती. हे मला शाळेत कुणी शिकवलं नाही, दवाखान्याच्या बाकावरच्या एका आजोबांनी शिकवलं.

इथे कुणी दऱ्यांमध्ये राहिलं असेल, काम केलं असेल, आईवडिलांकडून काही ऐकलं असेल तर प्लीज लिहा. ती पिढी चाललीये.

भटका_डॉक्टर

वा, किती वर्षांनी कुणीतरी ऱ्हॉन्दाचं नाव काढलं! मी नव्वदच्या दशकात मर्थरला हॉस्पिटलात होतो, तिथून अ‍ॅबरवॅन पाच-सहा मैलांवर. तुम्ही म्हणताय तसं सगळे तेच लिहितात हे खरं, पण मी तिथे काम केलंय म्हणून थोडं लिहितोच.

२१ ऑक्टोबर १९६६, शुक्रवार, सकाळी सव्वानऊ. त्या दिवशी दुपारी शाळा सुटून हाफ टर्मची सुट्टी लागणार होती. डोंगरावरची सात नंबरची टिप झऱ्यावर रचलेली होती, झरा नकाशावर होता, गावातल्या लोकांनी तक्रारीही केल्या होत्या. वर ऊन आणि दरीत धुकं, त्यामुळे खालून काही दिसलं नाही, नुसता आवाज आला. टिप घसरून शाळेवर आली. ११६ मुलं आणि २८ मोठी माणसं गेली. मर्थर व्हेल खाणीतले कामगार वर येऊन थेट शाळेकडे धावले आणि हातांनी उकरत होते, अकरानंतर एकही जीव जिवंत निघाला नाही. चौकशीने दोष स्पष्टपणे नॅशनल कोल बोर्डावर (खाणी चालवणारी सरकारी संस्था) ठेवला आणि शिक्षा मात्र एकालाही झाली नाही. वर उरलेल्या टिपा हलवायला लोकांनी दिलेल्या मदतनिधीतूनच दीड लाख पौंड घेतले, ते १९९७ ला परत दिले, तेही व्याजाशिवाय.

माझ्या ओपीडीत त्या गावातल्या बायका यायच्या. बीपी, मधुमेह, झोप लागत नाही. जन्मतारखेवरून हिशेब लागायचा की त्या वेळी हिचं मूल शाळेत असणार, पण मी कधी विचारलं नाही आणि त्यांनी कधी सांगितलं नाही. एकदा मात्र एक बाई म्हणाली की आज मला लवकर सोडा, डोंगरावर फुलं न्यायची आहेत. तारीख बघितली तर २१ होती.

एक मतभेद नोंदवतो. या गावांच्या आठवणी काढताना आपण फार हळवे होतो. खाण वाईटच होती. सेंगेनिदच्या खाणीत १४ ऑक्टोबर १९१३ ला एका स्फोटात ४३९ माणसं गेली, नंतर सुटकेसाठी उतरलेला एक जण गेला, आणि त्याच खाणीत बारा वर्षं आधी ८१ जण गेले होते. मी ज्या छात्या तपासल्या त्यांच्याकडे बघून खाणी बंद झाल्या ते बरंच झालं असं माझं आजही मत आहे.

कार्डिफची_आजी

दरीतली, तुझं वाचून डोळे भरून आले ग. मी १९७१ साली लग्न होऊन आले, हे आधीपासून अ‍ॅबरडेअरच्या दरीत डॉक्टर होते. आता कार्डिफला मुलाकडे असते. टायपिंग हळू आहे सांभाळून घ्या.

मी आले ती नोव्हेंबरात. दुपारी चारला अंधार, पाऊस आणि घरात कोळशाची शेगडी, ती पेटवायची कशी हेच मला येईना. शेजारच्या बाई आल्या, न विचारता खाली बसल्या, कागदाचे बोळे केले, बारीक काटक्या, वर कोळसा, पुढे वर्तमानपत्र धरलं की हवा ओढते आणि भप्पकन पेट घेतो. दुसऱ्या दिवशी मी पेटवेपर्यंत दारात उभ्या राहून बघत होत्या. त्यांच्या मिस्टरांना खाणीतून स्वस्तात कोळसा मिळायचा, गाडी येऊन दारापुढे रस्त्यावरच ढीग ओतून जायची आणि मग घरातल्या सगळ्यांनी बादल्या भरून मागे न्यायचा, रस्ता पण झाडून धुवायचा हं, नाहीतर नावं ठेवत.

त्यांच्याकडे वेल्श केक भाजायचा जाड लोखंडी तवा होता, बेकस्टोन. माझं तव्यासकट सामान अजून बोटीत होतं. मी तो मागितला आणि त्यावर पोळ्या केल्या, इतक्या सुरेख झाल्या की काय सांगू. त्यांनी एक पोळी लोणी लावून खाल्ली. मग दर शनिवारी तवा आमच्याकडे आणि केक-पोळ्यांची देवाणघेवाण. त्या गेल्यावर मुलीने तो तवा मला आणून दिला. सून म्हणते जड आहे, इंडक्शनवर चालत नाही, पण मी टाकत नाही.

त्यांच्या सासूबाई नव्वदीच्या होत्या, त्यांनी सांगितलेलं सांगते. खाणीवर अंघोळीची सोय नंतर आली, तीस सालानंतर हळूहळू. आधी नवरा आणि तीन मुलगे काळे घरी यायचे, आणि पाळ्या वेगवेगळ्या, म्हणजे दिवसातून तीन-चार वेळा पाणी तापवा, पत्र्याचं घंगाळ शेगडीपुढे ओढा, भरा, उपसा. पाठ धुवायची नाही, पाठ धुतली की कंबर कमजोर होते असा समज. कपडे भिंतीवर आपटून धूळ काढायची आणि ती धूळ बाईच्याच छातीत जायची. पुरुषांच्या आजाराला नुकसानभरपाई होती ग, बायकांच्या पाठी मोडल्या त्याला काय होतं? भटका डॉक्टर म्हणतात ते मला पटतं, पण त्यांनी बायकांचं लिहिलं नाही म्हणून मी लिहिलं.

लालबागकर

खूप सुंदर धागा, वाचनखूण साठवली. माझे आजोबा आणि वडील दोघे गिरणीत, आम्ही चाळीत वाढलो. आमचा संप १८ जानेवारी १९८२ ला सुरू झाला, अडीच लाख गिरणी कामगार, आणि तो अधिकृतपणे कधी मागे घेतलाच नाही. तुमचा ८४-८५. वाचताना सारखं वाटत होतं की ही माणसं आपलीच. दरीतली, तुम्ही तेव्हा तिथेच होतात ना? घराघरात काय झालं ते लिहा ना. आमच्याकडे पुढाऱ्यांबद्दल खूप लिहिलं गेलं, पण आईने कुठून आणि कसं भागवलं ते कुणी लिहून ठेवलं नाही.

दरीतली

@लालबागकर, हो, मी शाळेत होते, सगळं कळायच्या वयाची. मार्च १९८४ ते मार्च १९८५, पूर्ण वर्ष. साउथ वेल्समध्ये तेव्हा २८ खाणी आणि वीस हजारांच्या आसपास माणसं होती, आणि शेवटपर्यंत शंभरातले नव्वदहून जास्त संपावरच राहिले. आमच्या दरीच्या वरच्या टोकाला मार्डी, त्याला लोक जुन्या काळापासून लिटल मॉस्को म्हणायचे, तिथे तर वर्षभरात एकही माणूस कामावर गेला नाही.

घराघरात काय झालं तर, आधी बायका बाहेर आल्या. हॉलचं स्वयंपाकघर उघडलं, सूप, बटाटे, शुक्रवारी काहीतरी गोड. आठवड्याला प्रत्येक कुटुंबाला एक पार्सल : बटाटे, कांदे, बीन्सचे डबे, पाव, साखर, चहा. पार्सल भरायला आई जायची, आणि आईच्या आग्रहाने त्यात काही आठवडे मसूर डाळ गेली, ती कशी शिजवायची ते कागदावर लिहून. ज्या बायका आधी चॅपल आणि दुकान सोडून कुठे गेल्या नव्हत्या त्या लंडनला जाऊन सभेत बोलून आल्या. आंटी मला म्हणाल्या होत्या की परत घरात बसायचं मला जमणार नाही. नंतर त्यांनी संध्याकाळच्या वर्गाला नाव घातलं आणि पुढे नोकरी केली.

बाबांच्या दवाखान्यात त्या वर्षी माणसं कमी यायची. बाबा म्हणायचे की बरी आहेत म्हणून नाही, बाकीच्यांना आपल्यापेक्षा जास्त गरज आहे असं समजून येत नाहीत. म्हणून ते स्वतः फिरायचे. हिवाळ्यात कोळसा मिळायचा बंद झाला, मग बाप आणि पोरं टिपेवर जाऊन उकरून कोळसा आणायची, अतिशय धोक्याचं होतं, बाबांनी त्यात चिरडलेली बोटं टाके घालून दिली.

५ मार्च १९८५ ला मार्डीची माणसं परत कामावर गेली. पहाटेचा अंधार, पुढे बॅनर, बँड वाजतोय आणि मागे सगळं गाव. बाबांनी आम्हाला उठवून नेलं होतं. हरलेली माणसं आहेत असं कुणाच्या चालीवरून वाटत नव्हतं. त्यानंतर पाच वर्षांनी, डिसेंबर १९९० ला, ती खाण बंद झाली. ऱ्हॉन्दातली शेवटची.

@भटका_डॉक्टर, तुमचं म्हणणं मला मान्य आहे आणि तरी पूर्ण मान्य नाही. शेजारचे अंकल स्वतः म्हणायचे की माझ्या पोराने खाली उतरू नये. आणि तेच अंकल खाणीसाठी वर्षभर उपाशी लढले. यात विसंगती नाहीये. खाण बंद करा ना, पण तिच्या जागी काय? कारखाना आला तो दोन-चार वर्षांनी गेला. बाबांच्या शेवटच्या काळात दवाखान्यात तिशीतले लोक यायला लागले ते नैराश्य आणि दारू घेऊन. शेजारच्या दरीत ग्लिनकोरुगला ज्युलियन ट्यूडर हार्ट नावाचे डॉक्टर होते, त्यांनी १९७१ सालीच लिहून ठेवलं होतं की जिथे गरज जास्त तिथेच चांगली वैद्यकीय सेवा कमी मिळते. बाबांनी तो लेख कापून टेबलाच्या काचेखाली ठेवला होता.

आणि कामगारांना दिली तर खाण चालवता येत होती हे सिद्धही झालं. हिरवाइनची टॉवर खाण १९९४ ला तोट्यात आहे म्हणून बंद केली, २३९ माणसांनी प्रत्येकी आठ हजार पौंड घातले, जानेवारी १९९५ पासून स्वतः चालवली आणि २००८ पर्यंत, कोळसा संपेपर्यंत चालवली. तोट्यात होती म्हणे!

बल्लारपूरचा

दरीतली ताई, नमस्कार. आमचं घर कोळसा खाणीच्या कॉलनीतलं, बाबा अंडरग्राउंडला तीस वर्षं. तुमचा पत्र्याचा डबा वाचला आणि बाबांना फोन करून सांगितलं, ते म्हणाले आमच्याकडे चारखाणी स्टीलचा, पण उंदीर तेच. तिकडे बिल्ल्याची पद्धत होती का? आमच्याकडे दिवा घेताना टोकन, वर आल्यावर परत, टोकन राहिलं की माणूस खाली आहे. आई रात्रपाळीनंतर उशीर झाला की कुणालातरी लॅम्प रूमला पाठवायची, बिल्ला लागलाय का बघ.

बाबांचं अजून एक म्हणणं लिहितो. डॉक्टर साहेब म्हणतात खाण वाईट, खरं आहे, पण बाबा म्हणतात की खाली छत कुरकुरलं की शेजारचा माणूस पहिले तुला ढकलतो मग स्वतः पळतो, अशी माणसं मला वर कुठे भेटली नाहीत.

दरीतली

@बल्लारपूरचा, अगदी तशीच पद्धत. पितळेचा गोल बिल्ला, त्यावर नंबर आणि खाणीचं नाव. स्फोट झाला की कोण खाली आहे ते लॅम्प रूममधल्या बिल्ल्यांवरूनच कळायचं. अंकलचा नंबर आम्हा पोरांना पाठ होता. तुमच्या बाबांना माझा नमस्कार सांगा, आणि त्यांच्याकडून अजून ऐकून लिहा, खरंच. वेगळा धागा काढा.

नवखा_विद्यार्थी

मी कार्डिफला मास्टर्सला आलोय आणि मला यातलं काहीही माहीत नव्हतं. रोज ज्या भागावरून जातो तो कार्डिफ बे म्हणजे कोळशाचं बंदर होतं हेही आत्ता कळलं. एका वीकेंडला काय बघता येईल? गाडी नाहीये, बजेट विद्यार्थ्याचं.

दरीतली

कार्डिफहून ट्रेन पकड, ट्रेहर्बर्टची. ट्रेहाफॉडला उतर, तिथे जुन्या लुइस मर्थर खाणीच्या जागी म्युझियम आहे. फिरवणारे गाइड बरेचदा स्वतः खाणीत काम केलेले असतात, त्यांच्याशी बोल, घाई करू नकोस, डबा आणि जॅक दाखवा म्हण. तिथून पोर्थला ये आणि धाकट्या दरीची बस घे, शेवटपर्यंत मार्डीला जा. गावाच्या तोंडाशी खाणीचं अर्धं चाक उभं केलंय. टिपा आता हिरव्या झाल्यात, माहीत नसलं तर साधे डोंगरच वाटतील, म्हणून वरचा सपाट माथा दिसला की नीट बघ. ट्रिऑर्कीला पुरुषांचं कॉयर आहे, तालमीला बाहेरच्यांना बसू देतात का ते आधी विचारून घे. आणि जमलं तर ब्लाइनॅव्हनचं बिग पिट, तिथे खरोखर ९० मीटर खाली नेतात. म्युझियममध्ये प्रवेश फुकट आहे, खाली नेण्याच्या फेरीला तिकीट आहे का ते आधी बघून घे. उतरण्याआधी मोबाइल, घड्याळ, बॅटरीवालं सगळं काढून घेतात, ठिणगीच्या भीतीने.

कार्डिफची_आजी

बाळा, बिग पिटला जाशील तर जुलै असला तरी स्वेटर घे, खाली गार असतं आणि वरून पाणी ठिबकतं. आणि जाण्याआधी एखाद्या रविवारी घरी जेवायला ये, मेसेज कर पत्ता देते. वेल्श केकही करीन, त्याच तव्यावर, गॅस आहे आमच्याकडे मागच्या अंगणात.